साडेचारशे ग्रॅमचा पहिलवान

७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट काट्यावर उभी राहिली आणि ५० किलोच्या गटासाठी तिचे वजन सुमारे १०० ग्रॅम जास्त भरले. आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून तिने अंतिम फेरी गाठली होती. रात्रभर घाम गाळून झाला होता, केससुद्धा कापून झाले होते. पण काटा तो काटा! त्या सकाळी साऱ्या देशाला वजनगट म्हणजे काय ते कळले.

हाच काटा आणखी एका आखाड्याच्या दाराशी असतो. तिथे उतरणारे मल्ल मात्र पत्र्याचे, प्लास्टिकचे आणि तारांचे असतात. रोबोंच्या या कुस्तीचा जन्म चक्क घरकामातून झाला. हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी प्रतिकृती बनवणारे मार्क थॉर्प १९९२ मध्ये दूर बसून चालवता येईल असा व्हॅक्यूम क्लीनर तयार करण्याच्या खटपटीत होते. केर काढण्याचे काम बाजूला राहिले, पण अशी यंत्रे एकमेकांशी लढवली तर काय बहार येईल, ही कल्पना त्यांच्या डोक्यात पक्की बसली. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिले ‘रोबोट वॉर्स’ भरले. १९९८ पासून बीबीसीने त्याच नावाची मालिका दाखवली आणि २००० मध्ये अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘बॅटलबॉट्स’ आले. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीच्या ‘टेकफेस्ट’मध्ये ‘रोबोवॉर्स’ला तरुणांची तोबा गर्दी होते. तिथे १५, ३० आणि ६० किलोच्या गटांतील धुडे एकमेकांवर आदळतात. (खरे तर ही यंत्रे बहुधा माणसाच्या हातातल्या रेडिओ-रिमोटवरच चालतात. त्यांना रोबो म्हणणे जरा सैलच, पण नाव रूढ झाले आहे.)

एवढे मोठे यंत्र बांधायचे तर वर्कशॉप हवे, वेल्डिंग हवे, पैसा हवा. म्हणून नवशिक्यांसाठी छोटे गट निघाले. अमेरिकेत एका पौंडाच्या, म्हणजे ४५४ ग्रॅमच्या गटाला ‘अँटवेट’ म्हणतात. अँट म्हणजे मुंगी. इंग्लंडमधली मुंगी त्याहून बारीक, १५० ग्रॅमची. शिवाय ती चार इंचांच्या चौकोनी डब्यात बसली पाहिजे, अशी अट.

४५४ ग्रॅम म्हणजे किती? अर्धा किलो साखरेच्या पुडीपेक्षाही कमी. एवढ्यात चाके, मोटारी, बॅटरी, हत्यार आणि चिलखत असा सगळा संसार मांडायचा. ठरावीक पगारात महिना काढणाऱ्या गृहिणीला हे गणित समजावून सांगायची गरज नाही. चाके व ती फिरवणाऱ्या गिअरच्या मोटारी यांना साधारण ५० ग्रॅम लागतात. बॅटरी ४०, हत्याराची मोटार ३०, रिसीव्हर आणि मोटारींचा वेग सांभाळणारी सर्किटे आणखी ३०. हत्याराचे फिरते पाते ९० ग्रॅमचे धरले, की हाती उरतात दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम. सांगाडा, वरखालचे पत्रे, आस, बोल्ट, तारा, स्विच हे सारे त्यात भागवायचे. साधा लोखंडी बोल्ट ग्रॅमभराचा असतो, म्हणून कुणी त्याची पर्वा करत नाही. असे पंचवीस बोल्ट लागले की अर्ध्याहून जास्त बॅटरीचे वजन त्यातच गेले!

सांगाडा कशाचा करावा? नवशिक्याचा हात आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्याकडे जातो. पत्रा दिसतो भक्कम, पण वजनाला झेपेल इतका पातळ घेतला तर पहिल्याच फटक्यात वाकतो, चाकाला घासतो आणि रोबो जागच्या जागी अडकून पडतो. अनुभवी मंडळी त्याऐवजी भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा कटिंग बोर्ड कापतात. हे प्लास्टिक पाण्याहून हलके आणि ॲल्युमिनियमच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचे. तेवढ्याच वजनात भिंत जवळपास तिप्पट जाड होते. फटका बसला की त्याचा लचका निघतो, पण बाकीचा सांगाडा जागेवर राहतो. आईच्या नकळत स्वयंपाकघरातला बोर्ड गायब होऊ नये म्हणून घरात नवा आणून ठेवलेला बरा.

खरी ओढाताण असते ती हत्यार आणि चिलखत यांच्यात. सगळ्यांत घातक हत्यार म्हणजे वेगाने फिरणारी चकती किंवा पट्टी. समजा, ८० ग्रॅमचे पोलादी कडे आहे, सहा सेंटिमीटर व्यासाचे, आणि ते मिनिटाला १०,००० फेरे घेते. त्याच्या कडेचा वेग ताशी सव्वाशेला थोडा कमी, म्हणजे सुमारे ११३ किलोमीटर भरतो. त्यात साठलेली ऊर्जा ३९ ज्यूल येते. एक किलोचे वजन चार मीटर उंचीवरून पडावे, तेवढी! आता आणखी ग्रॅम कुठे घालायचे? कड्याचे वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट झाला तर ती चौपट. म्हणून पाते मधून पोखरून धातू कडेला ठेवतात आणि वाचलेले ग्रॅम चांगल्या मोटारीला देतात.

पण वेगाचा हव्यासही नडतो. पाते फार जलद फिरू लागले की ते दुसऱ्या रोबोला चावतच नाही, नुसते घासून जाते. मिनिटाला १०,००० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे १६७. रोबो सेकंदाला दोन मीटरने पुढे सरकत असेल, तर एका फेऱ्यात तो १२ मिलिमीटर पुढे जातो. पात्याला एकच दात असेल तर तो १२ मिलिमीटरपर्यंत आत शिरू शकतो. दोन दात केले की सहाच. एकदाती पाते मग दुसऱ्या बाजूला वजन ठेवून तोलावे लागते. तोल चुकला तर सगळा रोबो थरथरतो आणि बोल्ट आपोआप सैल होतात. शिवाय उभे फिरणारे पाते भोवऱ्यासारखे वागते. रोबोने झटकन वळण घेतले की त्याचे एक चाक हवेत उचलले जाते. म्हणजे हत्यार जबर, पण वळता येत नाही. ज्याला रोबो नीट हाकता येतो त्याचा साधा उतरत्या फळीचा, पात्याशिवायचा रोबोही अशा गड्याला कोपऱ्यात रेटून नेतो. पहिल्या खेपेला तोच बांधावा, हे शहाणपणाचे.

हरलेला रोबो टेबलावर उघडला की बहुतेकांना धक्का बसतो. बाहेरचे चिलखत शाबूत असते. मेलेली असते ती एखादी बारीक तार, सोल्डरिंगमधून निसटलेली. किंवा बॅटरी आतल्या आत उसळून तिची पिन निघालेली. मग दुसऱ्या खेपेला बॅटरीभोवती स्पंजची गादी येते, तारांच्या मुळाशी गरम गोंदाचा थेंब येतो. या गादीचे आणि गोंदाचे पाच-सात ग्रॅम कुठून आणायचे? तारा आखूड करतात, वरच्या पत्र्याला भोके पाडतात, आसेचे बाहेर आलेले टोक कापतात. इथे वेळ फार जातो. पहिला रोबो दोन आठवड्यांत उभा राहतो आणि नंतरचे सहा महिने एकेक ग्रॅम इकडून तिकडे हलवण्यात जातात.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी मात्र दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. या रोबोंत वापरली जाणारी लिथियम पॉलिमर बॅटरी फुगली, टोचली किंवा चुकीच्या चार्जरला लावली तर पेट घेते. ती रात्री चार्जिंगला लावून झोपू नये आणि जवळ वाळूची बादली असावी. दुसरे, पाते घरात उघड्यावर कधीही फिरवून पाहू नये. स्पर्धेत आखाड्याभोवती जाड पॉलिकार्बोनेटची भिंत असते, ती उगीच नाही. आखाड्यात जाईपर्यंत पात्यात अडकवलेली खीळ काढू देत नाहीत. रेडिओचा संपर्क तुटला तर चाके आणि पाते दोन्ही आपोआप थांबतात की नाही, हेही आधी तपासले जाते. घरीही हेच नियम लावावेत आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

मग स्पर्धेची सकाळ उजडते. घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर ४५२ भरलेला रोबो तिथल्या काट्यावर ४५६ भरतो. दोन काटे क्वचितच एकमेकांशी सहमत असतात, म्हणून जाणते लोक चार-पाच ग्रॅमची सवड ठेवूनच घरून निघतात. ज्याने ती ठेवली नाही तो एका कोपऱ्यात बसून कानशीने बोल्टची डोकी घासत असतो, आणि त्याचा मित्र वरच्या पत्र्यावर हौसेने चिकटवलेले रोबोच्या नावाचे स्टिकर नखाने खरवडून काढत असतो.