निवतीच्या दिव्याखाली

भारतीय नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती रॉकजवळ बुडवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याच्या प्रकल्पाचा शुभारंभ फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. कोकणच्या तरुणाला मुंबईची वाट न धरता गावातच चार पैसे मिळणार असतील, तर अशा योजनेला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु पाण्याखाली काय दाखवावयाचे याची एवढी चिंता वाहणाऱ्यांनी पाण्यावर काय आहे याचीही थोडी विचारपूस करावयास हवी होती.

पाण्यावर आहेत ते वेंगुर्ल्याचे खडक. इंग्रजी नकाशांत त्यांतील काहींस 'बर्न्ट आयलंड' म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकापासून येथे दीपगृह आहे. आणि त्या दिव्याच्या कितीतरी आधीपासून येथे पक्षी आहेत. उघड्या कातळावर सुरय अंडी घालतात, तर गुहांच्या काळोखात पाकोळ्या राहतात. ही पाकोळी अंधारात टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते व आपल्या लाळेने भिंतीला वाटीसारखे घरटे चिकटविते. पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४२ साली येथील पाकोळ्या व सुरय यांच्याविषयी लिहिले. पुढे चीनकडील खवय्यांच्या सूपासाठी ही घरटी चोरून नेणारे आले. त्यांनी गुहांत बांबूचे परांचे बांधून भिंतीच्या भिंती खरवडल्या. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने या शतकाच्या आरंभी हा प्रकार उजेडात आणला व पाकोळ्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. येथे सरकारच्या आधी समाज जागा झाला, हे नमूद करणे प्राप्त आहे.

दिवा आणि पक्षी यांची गाठ पडली म्हणजे काय होते, याचा दाखला न्यूझीलंडने दिला आहे. कुकच्या सामुद्रधुनीतील सुमारे १५० हेक्टरांच्या स्टीफन्स बेटावर १८९४ च्या जानेवारीत दीपगृह पेटले. बेटावर उंदरासारखा सरपटत धावणारा, उडता न येणारा एक चिमुकला पक्षी होता. दीपगृहाबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर मांजरे. लायल नावाच्या मदतनिसाने मांजराने मारलेल्या पक्ष्यांचे नमुने बाहेर पाठविले. विलायतेत त्या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळाले आणि नाव मिळते न मिळते तोच पक्षी संपला. एकाच मांजराने सारी जात खाल्ली, ही गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते. २००४ साली दोघा संशोधकांनी कागदपत्रे धुंडाळून दाखविले की, दोष एका मांजराचा नसून बेटावर माजलेल्या रानमांजरांचा होता. आम्हांस ही दुरुस्ती मूळ कथेहून अधिक अस्वस्थ करणारी वाटते, कारण एक मांजर हा अपघात म्हणता येतो, मांजरांची वसाहत हा कारभार होय. १८९५ साली क्राइस्टचर्चच्या 'प्रेस' या दैनिकाने आपल्या अग्रलेखात सुचविले होते की, दुर्मिळ पक्ष्यांच्या बेटांवर दीपपालांना मांजरे नेऊ देऊ नयेत, मग उंदरांचे पिंजरे सरकारी खर्चाने द्यावे लागले तरी चालतील. सूचना शहाणपणाची होती, पण ती आली पक्षी गेल्यावर! बेट मांजरमुक्त व्हावयास १९२५ साल उजाडले. १९८९ पासून तेथील दिवा आपोआप चालतो, आणि आज त्या बेटावर परवान्यावाचून पाऊल ठेवता येत नाही. तेथील तुआतारा हा प्राचीन सरपटणारा प्राणी त्यामुळेच निर्धास्त आहे.

आपल्याकडील वारे उलट्या दिशेचे आहे. १९२७ च्या दीपगृह कायद्याच्या जागी २०२१ साली नवा कायदा आला, त्याने वारसा दीपगृहांची कल्पना मान्य केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ७५ दीपगृहांतील पर्यटनसुविधांचे लोकार्पण केले. किनाऱ्यावरील दीपगृहांच्या बाबतीत हे योग्यच झाले. पोरासोरांनी जिने चढावेत, समुद्र पाहावा. परंतु जमिनीवरचे दीपगृह आणि पक्ष्यांच्या बेटावरचे दीपगृह यांना एकच माप लावणे हा निव्वळ कारकुनी न्याय झाला. बोटीतून उतरलेला एक गाभण उंदीर सुरयांच्या अंड्यांना पुरेसा आहे. त्याला तिकीट लागत नाही.

म्हणून आमची मागणी मोजकी आहे. खडकांवर उतरण्यास पर्यटकांना सरसकट बंदी असावी; पक्षी बोटीतूनच दाखवावेत व बोटींनी ठरावीक अंतर राखावे; दिव्याच्या दुरुस्तीसाठी जाणाऱ्या सामानाची उंदरांसाठी तपासणी व्हावी; आणि विणीच्या हंगामात गुहांवर पगारी पहारा असावा, तोही निवतीच्याच माणसांचा, कारण त्या पाण्याची खोड त्यांना ठाऊक आहे. ४७ कोटींच्या खर्चात या पहाऱ्यासाठी किती रुपये ठेवले आहेत, एवढे पर्यटन खात्याने जाहीर करावे.