चंद्रसेनाला हैदराबादेत जागा हवी

“हॅम्लेट मुले कॉलेजात इंग्रजीतून वाचतातच. मंडळाला ते जड नाटक कशाला? सणासुदीला खूनखराबा नको, काहीतरी हलकेफुलके बसवा.” हैदराबादेतल्या मराठी बैठकांतून हा सल्ला मी पुष्कळदा ऐकला आहे. देणारी माणसे भली आहेत, मराठीवर त्यांचे प्रेमही आहे. म्हणूनच त्याचा समाचार घेणे भाग आहे. हसायचे तेवढे मराठीत आणि विचार करायचा इंग्रजीत, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ज्या घरातली पोरे गल्लीत तेलुगू आणि दखनी बोलतात, शाळेत इंग्रजीत लिहितात, त्या घराने ही वाटणी मान्य केली तर मराठीच्या हाती हळदीकुंकवाच्या तबकापलीकडे काय उरणार?

पहिला आक्षेप असा की, ही डेन्मार्कची गोष्ट. आपला तिच्याशी संबंध काय? बाप मेलेला, चुलता गादीवर बसलेला, आई त्याची राणी झालेली, आणि बापाचे भूत मुलाला सांगते की मला विष घालून मारले. वाचकहो, हे परके वाटत असेल तर आपण ज्या शहरात राहतो त्याचा इतिहास उघडा. १७४८ साली पहिला निजाम आसफजहा वारला आणि घरात गादीचे भांडण पेटले. मुलगा नासिरजंग आणि मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग हे मामाभाचे एकमेकांवर उठले. १७५० च्या डिसेंबरात मामा आपल्याच पक्षातल्या नवाबांच्या दग्याने मारला गेला. पुढच्याच वर्षी भाचाही गेला. थोरला मुलगा गाझिउद्दीन हक्क सांगायला औरंगाबादेस आला, तो १७५२ साली तिथेच मेला. निजामअलीच्या आईने, म्हणजे त्याच्या सावत्र आईने, जेवणातून विष घातले असे सांगतात. मग निजामअलीने १७६२ साली आपला भाऊ सलाबतजंग याला बिदरच्या किल्ल्यात कोंडले आणि पुढच्या वर्षी सलाबतजंगाचा तिथेच अंत झाला. औरंगाबादची राजधानी हैदराबादला आणली ती याच निजामअलीने. सहलीला गेलो की बिदरच्या त्या किल्ल्यात आपण फोटो काढतो. एल्सिनोरचा किल्ला आणखी कुठे शोधायचा?

त्याच १७६२ साली पुण्याचे राघोबादादा पुतण्या माधवरावाविरुद्ध उठले आणि त्यांनी मदत घेतली ती याच निजामअलीची! पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात दुसरा पुतण्या, नारायणराव, मारला गेला. त्यावर खाडिलकरांनी १९०९ साली ‘भाऊबंदकी’ लिहिले. त्या नाटकाला शोकांतिकेचे बळ येते ते रामशास्त्र्यांमुळे. गादीवर बसलेल्या माणसाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश तिथे उभा आहे.

हॅम्लेटच्या राज्यात रामशास्त्री नाही. गुन्हेगार तोच राजा, राजा तोच न्यायाधीश. साक्षीदार म्हणाल तर एक भूत. अशा वेळी मुलाने काय करावे? ‘हॅम्लेट कचखाऊ, त्याचे काही ठरत नाही’ असे परीक्षेच्या गाइडात लिहिलेले असते. मला ते पटत नाही. भुताच्या साक्षीवर माणूस मारू नये एवढी त्याला शुद्ध आहे. म्हणून तो पुरावा शोधतो, आणि पुरावा काढण्यासाठी त्याने निवडलेले साधन कोणते? नाटक! राजासमोर तो खुनाचाच प्रसंग करून दाखवतो आणि राजाचा चेहरा पाहतो. जिथे कचेरी नाही तिथे रंगभूमीच कचेरी होते. बिदरच्या कोठडीची चौकशी कोणत्याही कचेरीत झाली नाही. अशा गोष्टींचा निवाडा नाटकातच व्हायचा, आणि तो आपल्या भाषेत होऊ नये असे आपणच म्हणायचे?

दुसरा आक्षेप, मराठीला हे पेलणार नाही. हा तर शुद्ध विसरभोळेपणा. १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या बंदिवासात आगरकरांनी हॅम्लेटच्या भाषांतराला हात घातला आणि १८८३ साली ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झाले. हॅम्लेटचा तिथे चंद्रसेन झाला. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी तो असा उभा केला की, इंग्रजीचे अक्षर न कळणारा प्रेक्षकही खुर्चीला खिळून राहिला. पुढे नाना जोगांनी हॅम्लेट पुन्हा मराठीत आणले. तेच भाषांतर २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी रंगमंचावर आणले, सुमीत राघवन हॅम्लेट झाले. हे कुलकर्णी आपल्या मराठवाड्याच्या मातीतले. आणि शेजारच्या उर्दूकडे पाहा. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा वैद्यक आणि कायदासुद्धा उर्दूतून शिकवायला घेतला. जड म्हणून कोणी हात आखडला नाही.

फार्स वाईट, असे माझे म्हणणे नाही. खुद्द हॅम्लेटमध्ये थडगे खोदणारे गडी विनोद करतातच. पण नुसत्या विनोदावर पोसलेली भाषा घरात दुःख आले की मुकी होते. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. आपल्यातल्या कितीतरी घरांत एक भाऊ उदगीरला, एक बिदरला आणि एक इथे राहिला. वडील गेल्यावर शेताच्या वाटणीवरून अबोला धरलेली घरे मला कोणी नव्याने दाखवायला नकोत. त्या अबोल्याबद्दल पोरांनी कोणत्या भाषेत विचारायचे? चुलत्याशी भांडताना किंवा त्याला क्षमा करताना त्यांना शब्द कुठून मिळायचे? ते शब्द आपणच त्यांच्या कानांवर घालायला हवेत.

तेव्हा पुढच्या बैठकीत हलक्याफुलक्याची सूचना आली की मी ‘विकारविलसित’चे नाव सुचवणार आहे. फार जुने वाटले तर नाना जोग आहेत, हॅम्लेट नकोच असेल तर ‘भाऊबंदकी’ आहे. सलाबतजंगावर नवे नाटक लिहिणारा कोणी बिदर-भालकीकडून पुढे आला तर त्याहून उत्तम. तालमीला जागा मी मिळवून देईन. मुलांना मराठी उच्चार जमणार नाहीत अशी तक्रार ज्यांना करायची असेल त्यांनी आधी तालमीला येऊन बसावे.