स्वयंसेवकाचे खरे कार्यक्षेत्र

सुटीचे चार आठवडे आफ्रिकेतील एखाद्या खेड्याच्या शाळेत शिकवून यावे, हा प्रघात श्रीमंत देशांतील तरुणांत रूढ झाला आहे. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका नाही. परंतु या शाळा दरिद्री का राहिल्या, हा प्रश्न सद्भावनेने सुटत नाही.

टांझानियाचे उदाहरण घ्यावे. १९६७ च्या आरुशा घोषणेनंतर ज्युलियस न्येरेरे यांच्या राजवटीने प्राथमिक शिक्षण खेडोपाडी नेले. १९७३ साली शुल्क रद्द केले. पुढे तेलाची दरवाढ आणि युगांडाशी झालेले युद्ध यांनी तिजोरी रिती झाली. ऐंशीच्या दशकात कर्ज देणाऱ्यांच्या अटींखाली सरकारी खर्चाला कात्री लागली, शुल्क परत आले आणि गरिबांची मुले शाळेबाहेर राहिली.

१९९८ साली बर्मिंगहॅम येथे श्रीमंत राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद भरली असता सुमारे ७० हजार नागरिकांनी मानवी साखळी धरून गरीब देशांच्या कर्जमाफीची मागणी केली. २००१ साली टांझानियाला मोठी कर्जसवलत मिळाली. त्याच वर्षी प्राथमिक शुल्क रद्द झाले आणि लाखो नवी मुले शाळेत आली. वर्ग मात्र ओसंडून गेले. तेथे हवा होता तो मुलांची भाषा जाणणारा, नियमित वेतन मिळणारा प्रशिक्षित शिक्षक. चार आठवड्यांचा पाहुणा नव्हे.

स्वयंसेवकाने जरूर जावे, स्थानिक शिक्षकाच्या हाताखाली राबावे. पण परतल्यावर कर्जाच्या अटी लादणाऱ्या स्वतःच्या सरकारला त्याने जाब विचारला पाहिजे. त्याची अर्धी सेवा त्याच्या मायदेशातच बाकी असते.