रक्त साफ करायचे म्हणजे काय?

मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात सुंठ, ज्येष्ठमध आणि उपळसरी यांचा मिश्र वास नाकात भरतो. 'रक्त साफ व्हायला काहीतरी द्या,' असे म्हणणारे गिऱ्हाईकही तिथे हटकून भेटते. मंजिष्ठा, उपळसरी, कडुनिंबाची साल अशी पुडी बांधली जाते. नेमके काय होते आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. माझी तक्रार आहे ती या न विचारण्याबद्दल.

माझ्या मामांना पाठीवर वरचेवर गळवे येत. 'रक्त बिघडले आहे,' असे घरात ठरले आणि मामांनी चार महिने कडू काढा नेमाने घेतला. गळू बसे, पुन्हा उठे. अखेर पायाची जखम भरेना, तेव्हा रक्त तपासले. साखर भलतीच वाढलेली निघाली. रक्तात बिघाड होता हे खरेच. पण तो कोणता, हे आधीच कळू शकले असते. मामांच्या पायाचे एक बोट गेले.

कोणी म्हणेल, हा आयुर्वेदाचा उपमर्द आहे. मुळीच नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'विधिशोणितीय' नावाचा अध्याय आहे. रक्त बिघडण्याची कारणे म्हणून त्यात खारट, आंबट, तिखटाचा अतिरेक, मद्य, दिवसाची झोप यांचा उल्लेख येतो. म्हणजे चरक आधी कारण शोधतात. आपण मात्र थेट पुडी शोधतो! शरीरातही शुद्धीचे काम अहोरात्र चालूच असते. आपली दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात; यकृत विषारी द्रव्ये निकामी करते.

'झाडपाल्याने अपाय होत नाही,' हाही एक गोड गैरसमज. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. वनस्पती ओळखण्यात गल्लत झाली असावी, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. वाद कसाही सुटो. आपण घेतो ती वेल कोणती, हे ठाऊक हवे, एवढे तरी त्यातून उघड होते.

पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, ओवा, हिंग वाटून आजी हातावर गोळी ठेवते. ती मी आनंदाने खातो, पुढेही खाईन. पण गळू महिनाभर हटत नसेल, तर आधी रक्त तपासून घ्यावे, जाणत्या वैद्याला किंवा डॉक्टरला दाखवावे. काढा त्यानंतर, तोही त्यांनी सांगितला तर. मामांच्या घरी आता हाच नियम आहे. आपल्या घरी तो बोट गमावण्याआधी यावा, एवढेच.