घर कुणाचे?

इंग्रजीच्या तासाला आर्थर मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) शिकताना एका गोष्टीने मन वेधून घेतले. विली लोमन हा फिरता विक्रेता २५ वर्षे घराच्या कर्जाचे हप्ते भरतो. शेवटचा हप्ता फिटतो तो नेमका त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. घर मोकळे झाले, पण ज्याने त्यासाठी जन्म वेचला तोच राहिला नाही! अमेरिकेत स्वतःचे घर म्हणजे कर्तबगारीचे प्रमाणपत्र. ते मिळवता मिळवता माणूस कसा झिजून जातो, हे मिलर दाखवतो.

पुढे १९५९ साली लॉरेन हॅन्सबेरी यांचे 'अ रेझिन इन द सन' आले. शिकागोत दाटीवाटीने राहणारे एक कृष्णवर्णीय कुटुंब वडिलांच्या विम्याच्या पैशांतून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेऊ पाहते. लगेच त्या वस्तीचा एक प्रतिनिधी येतो आणि 'तुम्ही येऊ नका, आम्ही पैसे देतो' असे मोठ्या सभ्यपणे सांगतो. ही नुसती कल्पना नव्हे. खुद्द हॅन्सबेरींच्या वडिलांचा अशाच घराचा खटला १९४० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

तिकडच्या नाटकांतले हे घर विकत घ्यायचे असते. आपल्या नाटकांतले घर बहुधा वाट्याला येते. म्हणून आपला प्रश्न निराळा : वाटा कुणाचा? महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) विदर्भातल्या देशपांड्यांचा वाडा ढासळत आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजत पडला आहे. तात्याजी वारल्यावर तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावर थोरला भास्कर आणि मुंबईचा सुधीर यांच्यात घासाघीस चालते. वाड्यासाठी राबणारा धाकटा चंदू आणि शिक्षण राहून गेलेली बहीण प्रभा मात्र या हिशेबाच्या कडेलाच उभी असतात. मला वाटते, नाटकाचे खरे भाष्य तिथेच आहे. भिंती कुणामुळे उभ्या राहिल्या आणि मालक कोण झाले, हे त्या दोघांकडे पाहिले की कळते.

'हे विदर्भातले झाले, आपल्याकडे असे नाही,' असे कुणी म्हणेल. तर दुर्गदबैलच्या बाजारामागे, एका बोळात, आमचे जुने घर आहे. आजी सहा वर्षे अंथरुणावर होती. तिचे सगळे विधवा आत्याने केले. आजी गेल्यावर वाटणी निघाली. हिंदू वारसा कायद्यात कर्नाटकाने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला, हे घरात सर्वांना ठाऊक होते. तरी कचेरीत हक्कसोडपत्र तयार झाले आणि आत्याने सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. 'भावाशी वाईटपणा कशाला?' एवढेच ती म्हणाली. आता ती भाड्याच्या खोलीत राहते. दिवाळीला आली की उंबऱ्याशी थांबते आणि विचारते, "येऊ का रे आत?"

त्या सहीने माझ्या वडिलांचा, म्हणजे पर्यायाने माझाच, वाटा वाढला. म्हणून हे लिहिताना मला संकोच वाटतो. शिकागोतल्या त्या प्रतिनिधीचा वर्गात आम्हा सर्वांना राग आला होता. पण तोही आवाज चढवत नाही. नियम, शेजारधर्म, सर्वांचे भले असेच बोलतो. आमच्या घरात आत्याशी आम्ही याहून निराळे काय बोललो?

नाटक पाहून डोळे पुसणे सोपे आहे. प्रभेसाठी आपण हळहळतो, कारण तिला वाटा द्यायचा झाला तर तो आपल्या खिशातून जात नाही. कायद्याने दार उघडले, हे खरे; पण आत बोलावणारा माणूस घरातलाच लागतो. वाचक मित्रांनो, आपल्या घरी असा कागद पुढे आला तर बहिणीला, आत्याला सही करण्याआधी एकदा विचारा, "तुला खरोखर काय हवे आहे?" मी तेव्हा विचारले नाही. येत्या दिवाळीआधी वडिलांपाशी हा विषय काढायचे मी ठरवले आहे.