समन्स कपाटात ठेवू नका

केनवडहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. मुलांच्या शाळेसाठी त्यांनी रिसोडला खोली घेतली होती. खोलीपुढे गाडी उभी करायला जागा नव्हती, म्हणून जवळच्या एका खाजगी आवारात महिना आठशे रुपये ठरवून गाडी ठेवली. बोलणं तोंडी झालं. दोन महिन्यांचे पैसे फोनवरून दिले. मग यजमानांचं ऑपरेशन निघालं, सगळे केनवडला परत आले आणि तीन महिन्यांचे पैसे राहून गेले. गाडी आणायला गेल्या तेव्हा चोवीसशे रुपये पुढे केले, पण मालकानं घेतले नाहीत. ‘थकल्यास रोज दीडशे रुपये दंड’ अशी पाटी त्यानं दाखवली. ती पाटी आधी नव्हती, असं बाईंचं म्हणणं. आता नव्वद दिवसांचे साडेतेरा हजार, शिवाय व्याज आणि खर्च, असा दावा त्यांच्यावर लागला आहे. गाडी त्यांच्याच नावावर आहे ना!

बेलिफ आला तेव्हा त्या दवाखान्यात होत्या. समन्स सासूबाईंनी सही करून घेतलं आणि कपाटात ठेवलं. यजमान म्हणतात, “एवढ्याशा पैशासाठी कायले जातं कोर्टात? राहू दे तसंच.” बाई विचारतात, “समन्स माझ्या हातात दिलंच नाही, तर ते लागू होतं का? आणि मी कोर्टात उभी राहिले, तर गावात लोक काय म्हणतील?”

समन्स येऊन अठरा दिवस झाले होते, म्हणून त्यांना उत्तर टपालानं आधीच पाठवलं. इथे देते आहे ते इतर भगिनींसाठी.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, लागू होतं’ असंच आहे. पूर्वी दिवाणी कायद्यात घरातल्या सज्ञान पुरुषाकडे दिलेलं समन्सच चाले. 1976 च्या दुरुस्तीनं हा भेद गेला. प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर त्याच घरात राहणाऱ्या सज्ञान स्त्रीच्या हाती दिलेलं समन्सही चालतं. म्हणजे सासूबाईंची सही ही खरी सही आहे. घरातल्या बाईच्या सहीला कायद्यानं मान दिला, तशी जबाबदारीही दिली. तेव्हा सासूबाईंना, जावांना, कॉलेजातल्या मुलीला सांगून ठेवा: कोर्टाचा कागद घेतला, तर त्याच दिवशी ज्याचा त्याच्या हाती द्यायचा.

एक फरकही ओळखा. वकिलाची नोटीस वेगळी आणि समन्स वेगळं. समन्सवर न्यायालयाचा शिक्का, दाव्याचा क्रमांक आणि हजर राहायची तारीख असते. शंका आली तर ई-कोर्ट्सच्या अॅपवर किंवा न्यायालयाच्या कचेरीत क्रमांक दाखवून खात्री करून घ्यावी.

आता ‘राहू दे तसंच’ म्हटलं तर काय होतं? तारखेला कुणी गेलं नाही, तर दावा एकतर्फी चालतो. वादीचं म्हणणं खोडायला समोर कुणी नसतं आणि हुकूमनामा निघतो. पुढे दरखास्त दाखल झाली, तर गाडीवर जप्तीही येऊ शकते. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेता येतो, पण अर्जाची मुदत साधारण तीस दिवसांची, आणि गैरहजेरीला सबळ कारण लागतं. चोवीसशेचं देणं दुर्लक्षानं वीस हजारांवर जायला वेळ लागत नाही.

लेखी जबाब समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यायचा असतो. कारण पटलं तर न्यायालय नव्वद दिवसांपर्यंत मुदत देतं, पण त्या भरवशावर बसू नये. जबाबात ‘सगळं खोटं आहे’ एवढं लिहून भागत नाही. दाव्यातल्या प्रत्येक कलमाला वेगळं उत्तर हवं. जे स्पष्ट नाकारलं नाही, ते कबूल धरलं जाऊ शकतं.

या बाईंनी खरं तेच लिहावं: गाडी ठेवली, हे कबूल. आठशे रुपये ठरले, हेही कबूल. तीन महिन्यांचे चोवीसशे देणं आहे, तेही कबूल. दंडाची अट मात्र ठरलीच नव्हती. एकदा ठरलेल्या व्यवहारात मागाहून पाटी लावून एकट्यानं अट घालता येत नाही. आणि समजा पाटी आधीपासून होती, तरी 1872 च्या करार कायद्याचं 74 वं कलम आहेच. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देतं.

पण पाटीकडे कानाडोळा करू नका. इंग्लंडमध्ये एका गृहस्थानं दोन तासांच्या मोफत जागेत गाडी सुमारे तासभर जास्त ठेवली. 85 पौंडांचा आकार त्यानं सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि 2015 साली तो हरला. तिथल्या पाट्या मोठ्या आणि स्पष्ट होत्या, हे त्याच्या विरुद्ध गेलं. म्हणून कुठंही गाडी लावताना पाटीचा फोटो काढून ठेवावा आणि दर ठरला की फोनवर दोन ओळी लिहून पाठवाव्यात.

कबूल असलेले चोवीसशे न्यायालयात भरता येतात. त्याची नोटीस वादीला मिळाली, की तेवढ्या रकमेवरचं पुढचं व्याज थांबतं. पैसे पाठवल्याच्या नोंदी, मालकाचे निरोप, ऑपरेशनचे कागद एका फाईलमध्ये लावा. फोनमधलं काही पुसू नका. त्याच्या छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करून देतील.

वकिलाच्या फीची काळजी नको. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा. दोघांची तयारी असेल, तर प्रकरण लोकअदालतीत मिटतं. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकडा पटल्याशिवाय सही करू नये.

राहिला लोकांचा प्रश्न. दावा लागला म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो, असं नाही. हा पैशाचा हिशेब आहे आणि तो द्यायला आपण जातो. आजारी माणसाची चार महिने शुश्रूषा करणाऱ्या बाईला एक दिवस कोर्टाच्या बाकावर बसणं जड जाणार नाही. यजमानांना घरी आराम करू द्या, फाईल घ्या आणि सासूबाईंना सोबत न्या. समन्सवर सही त्यांचीच आहे!