सोमवारची उपासना

ईस्टर होऊन पंधरवडा लोटला. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून ज्यांनी चाळीस दिवस मटण-मासळी वर्ज्य केली, बाटलीला हात लावला नाही आणि दर शुक्रवारी चर्चमध्ये जाऊन क्रूसाची वाट केली, त्यांतले बरेच जण आता ‘ये रे माझ्या मागल्या’ म्हणत जुन्या वाटेला लागले आहेत. झावळ्यांच्या रविवारी चर्चबाहेर खुर्च्या मांडाव्या लागल्या होत्या, गेल्या रविवारी मागची बाकं रिकामी होती. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही निराळं चित्र नाही. उत्तम शुक्रवारी भरदुपारी तीन-तीन तास बसून प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकणारी मंडळी पुढच्या रविवारच्या साध्या उपासनेला अर्ध्यावर येते.

आता सुट्ट्यांचा हंगाम आहे. उज्जीवन सभांचे आणि तपसाधनांचे फलक लागतील, बाहेरगावचे वक्ते येतील, मांडव भरतील, डोळे पाणावतील. या सभांना माझा विरोध नाही. तिथे माणसाला आपल्या रितेपणाची जाणीव होते आणि तेही काही कमी नाही. पण त्यांच्यावर आपण भलताच भार टाकतो. विश्वास नवा होतो तो घरातल्या संध्याकाळी आणि सोमवारच्या व्यवहारात. नेमक्या या दोन जागा आपण देवाला नाकारल्या आहेत.

उज्जीवनाचा विषय निघाला की आपल्याकडे हटकून केडगावचं नाव निघतं. जून १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र आत्म्याचा जो अनुभव आला त्याचं वर्णन प्रत्येक वक्ता करतो. मुली रडल्या, पापं कबूल केली, रात्र रात्र प्रार्थना चालली. हे सगळं खरं आहे, पण अर्धं आहे. त्या वर्षाच्या जानेवारीपासून मुलींचा एक गट रोज प्रार्थनेला जमत होता. जूनमध्ये जे घडलं त्याच्या पाठीशी हा महिन्यांचा नेम होता. आणि नंतर? केडगाव काही बारमाही सभामंडप झालं नाही. तिथली शेती चालू राहिली, माग चालू राहिले, छापखाना चालू राहिला. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या बाया शिकत आणि कमावत राहिल्या. रमाबाई स्वतः मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या, साध्या बाईला वाचता यावं अशा मराठीत. वर्षानुवर्षं चाललेलं ते काम त्यांनी १९२२ मधल्या आपल्या मृत्यूच्या जरा आधी हातावेगळं केलं आणि ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी छापलं. जूनमधल्या त्या रात्रींची गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात. खिळे जुळवणाऱ्या त्या हातांची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

आपल्या पूर्वजांना रोजच्या भक्तीचं मोल चांगलं ठाऊक होतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. सासष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या पोर्तुगीज अमलात बंद झाल्या होत्या. रविवारची शिकवणूक मिळत होती, पण घरी बसून वाचावं, चार माणसांत म्हणावं असं काही हाती नव्हतं. लोकांनीच ती मागणी केली आणि त्यातून ‘ख्रिस्तपुराण’ उभं राहिलं. १६१६ मध्ये राचोल इथे ते छापलं गेलं. दहा हजारांहून अधिक ओव्या, त्याही मराठीत. या ग्रंथाच्या भाषेचं कौतुक साहित्याचे अभ्यासक करतात, ते रास्तच आहे. मला मात्र महत्त्वाचं वाटतं ते त्याचं प्रयोजन. सोमवार ते शनिवार माणसाच्या ओठांवर काय असावं, या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर होतं.

पुढे रेव्हरंड टिळकांनी तेच केलं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपली ओवी, अभंग आणि कीर्तन बाहेर ठेवून आत प्रवेश केला नाही. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मोकळेपणी सांगत. ‘उपासना संगीता’तली त्यांची गाणी आजही नगर, सातारा, सोलापूरकडच्या मंडळ्यांत म्हातारी माणसं पुस्तक न उघडता म्हणतात, कारण ती घरात म्हटली गेली होती. मुंबईत आणि वसईत आळ्या-पाखाड्यांच्या तोंडाशी क्रूस दिसतात. मुंबईतले त्यांतले कितीतरी १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभारले गेले. लोकांनी देवाचा धावा केला तो राहत्या आळीत, येता-जाता दिसेल अशा ठिकाणी. आज त्या क्रूसावर सणापुरती झेंडूची माळ चढते आणि एरवी त्याला टेकून स्कूटर उभी असते.

आता घरातली संध्याकाळ पाहू. वसईतलं कुठलंही घर घ्या. पूर्वी दिवेलागणीला चर्चची घंटा झाली की हातातलं काम थांबे. रात्री जेवणाआधी आजी वेदीपुढे मेणबत्ती लावी, जपमाळ काढी आणि लहान पोर पेंगत पेंगत ‘नमो मरिये’चा उत्तरार्ध म्हणत असे. आज आजी आहे, वेदी आहे, मेणबत्तीच्या जागी लाल विजेचा दिवा आला आहे. आजी जपमाळ हातात घेऊन बसते, तेव्हा शेजारच्या खोलीत मालिका चालू असते. सून नुकतीच लोकलमधून उतरून घरी आलेली असते आणि कुकर लावत असते. मुलगा क्लासहून यायचाच असतो. बाप मोबाईलवर येशूच्या चित्राची ‘शुभ रात्री’ तीन गटांना पुढे पाठवत असतो. म्हणजे घरात देवाचं नाव घेतलं जातंय, फक्त एकत्र कुणी घेत नाही. नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातही हेच. कौटुंबिक उपासना आता पाळकसाहेब घरी आले तरच होते आणि त्यांच्यासाठी बायबल शोधावं लागतं, कारण रोजचं वाचन फोनवर येतं आणि न वाचताच वर सरकतं.

यात नोकरी करणाऱ्या सुनेला दोष देण्यात अर्थ नाही. विरारची गाडी पकडून दोन वेळचा प्रवास करणाऱ्या बाईला पन्नास मण्यांचा नेम सांगणं सोपं आहे, तिच्या हातातला कुकर घेणं अवघड आहे. घरातल्या पुरुषाने कणीक मळायला घेतली तर प्रार्थनेला दहा मिनिटं सहज निघतील. घराघरांतून प्रार्थना हरवली यावर प्रवचनं खूप झाली. ती परत आणायची तर कामाची वाटणी बदलावी लागेल, हे मात्र वेदीवरून क्वचितच ऐकू येतं.

तरुण मुलं का दुरावतात, याचंही ठरलेलं उत्तर तयार असतं. मोबाईल, इंटरनेट, काळ. माझा अनुभव वेगळं सांगतो. प्रार्थना लांबली म्हणून मुलं उठून जात नाहीत. प्रार्थना संपल्या संपल्या बापाच्या तोंडून जे बाहेर पडतं ते ऐकून ती जातात. क्षमेची प्रार्थना म्हणून झाली आणि लगेच बांधावरून चुलत्याला शिव्या सुरू झाल्या, तर सोळा वर्षांच्या पोराला हिशेब कळतो. ते देवाला नाकारत नाही, या नाटकाला नाकारतं.

इथेच देवाविषयीच्या आदराचा मुद्दा येतो. आदर म्हणजे चर्चमध्ये दबक्या आवाजात बोलणं, डोक्यावर पदर घेणं, वेदीसमोर गुडघा टेकणं असं आपण समजतो. हे सगळं असावं. पण आमोस संदेष्ट्याने आदराची खरी तपासणी बाजारात केली. शब्बाथ कधी एकदा संपतो आणि आपण माप लहान व किंमत मोठी करून धान्य कधी विकतो, याची वाट बघणाऱ्या व्यापाऱ्यांना त्याने चांगलंच फैलावर घेतलं. ती माणसं शब्बाथ पाळत होती, हे विसरू नये. नियमाने उपासना करत होती आणि उपासना चालू असताना मनात तराजूला दांडी मारत होती. हे वाचताना मला पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा इस्राएल आठवत नाही. बांधकामावरच्या मजुराचा शनिवारचा पगार ‘सोमवारी बघू’ म्हणून टाळणारा आणि रविवारी पहिल्या बाकावर बसणारा ठेकेदार आठवतो. धुण्याभांड्याच्या बाईने दोन दिवस सुट्टी घेतली म्हणून तिचे पैसे कापून तेच चर्चच्या थैलीत टाकणारी बाई आठवते. जक्कयाच्या घरी येशू जेवायला गेला तेव्हा जक्कयाने स्तोत्र म्हटलं नाही. उभा राहिला आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करतो, म्हणाला. तारण घरी आल्याचं येशूने जाहीर केलं ते त्यानंतर.

सोयरिकीचं काय? बाप्तिस्म्याला शंभर-सव्वाशे वर्षं झालेली घराणी अजून ‘आपल्यातलं’ स्थळ शोधतात. ‘आपल्यातलं’ म्हणजे ख्रिस्ती नव्हे, हे विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपलं सोवळं कसं सुटलं ते लिहिलं आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही कितीतरी दिवस त्यांनी स्वतःची चूल वेगळी ठेवली. मग विचार करता करता त्यांना कळलं की माणूस देवाने केला, जात माणसाने केली, आणि त्यांनी सगळ्यांच्या हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० मध्ये. आधी स्वयंपाकघर बदललं, मग नोंदवहीत नाव आलं. आपल्याकडे क्रम उलटा आहे. नोंदवहीत नाव पिढ्यान्‌पिढ्या आहे, स्वयंपाकघराचं अजून ठरायचं आहे.

कुणी म्हणेल, हे तर नीतिशास्त्र झालं, यात देव कुठे आला? चांगलं वागायला चर्च कशाला? प्रश्न योग्य आहे. माझं म्हणणं एवढंच की ख्रिस्ती माणसासाठी या दोन गोष्टींची ताटातूट होत नाही. वेदीशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला प्रभूने सांगितलं. म्हणजे भावाकडे जाणारी वाट हा उपासनेचाच भाग आहे. उलट बाजूही तितकीच खरी. प्रार्थनेचा नेम सुटला की चांगुलपणा लवकरच थकतो आणि कडवट होतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’साठी, विहिरींचं पाणी आणि शेतजमीन वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले, त्याची किंमत त्यांनी मोजली. हाच माणूस बायबलचं सुबोध मराठी भाषांतर करत बसला आणि पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. मोर्चा आणि पोथी या त्यांच्या दोन वेगळ्या नोकऱ्या नव्हत्या. देवाने निर्माण केलेलं पाणी विकून खाऊ नये, हे ज्या पुस्तकातून त्यांना कळलं तेच पुस्तक ते लोकांच्या हाती देत होते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे पावणेअकरा लाख आहेत, लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत. इतक्या थोड्या माणसांची ओळख शेजाऱ्याला त्यांच्या चर्चच्या मनोऱ्यावरून होत नाही. ती होते त्यांच्या दुकानातल्या मापावरून, त्यांच्या शब्दावरून, त्यांच्या घरातल्या आवाजावरून. पूर्वी मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आणि शाळेतले मास्तर यांच्यामुळे गावात या समाजाचं नाव होतं. ते नाव आजी-आजोबांनी कमावलं आहे, आपण त्याचं व्याज खातो आहोत.

तेव्हा धर्मगुरूंना आणि पाळकांना एक विनंती. पुढच्या सभेच्या मांडवाचा खर्च थोडा आखडता घ्या आणि त्यातून प्रत्येक घरासाठी महिन्याची एक साधी पुस्तिका काढा. रोजचा एक उतारा, एक गाणं, एक प्रार्थना, सगळं मिळून दहा मिनिटांचं. मग वर्षातून एकदा तरी घरी जाऊन ती वाचली जाते का, ते प्रेमाने विचारा, दटावून नव्हे. आणि घरच्यांना एवढंच सांगणं. चाळीस दिवसांचा मोठा संकल्प पुन्हा करू नका, तो नव्याचे नऊ दिवस टिकतो. या आठवड्यात टीव्ही बंद करून एकदा सगळे एकत्र बसा, जमेल ते म्हणा. आणि आमेन म्हणण्याआधी कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत, कुणाशी बोलणं बंद आहे, हे एकमेकांना विचारा. त्यातलं एक तरी काम शनिवारच्या आत करून टाका. रविवारी चर्चला जाल तेव्हा उपासना आधीच सुरू झालेली असेल.